पॅडलवरचा पाय

त्या घरातली गाडी एकाच माणसाचं ऐकायची, आणि तो माणूस म्हणजे सासरे. गाडी वयाने सुनेच्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती आणि मानाने त्याच्याहून बरीच वर. सासरे तिला बाईसाहेब म्हणत. रोज सकाळी सात वाजता ते बाईसाहेबांना उठवायला गॅरेजमध्ये जात. पॅडल दोनदा पूर्ण दाबायचं, तिसऱ्यांदा दाबून तसंच धरून ठेवायचं, चोक बोटभर ओढायचा, मग किल्ली. इंजिन खोकायचं, थुंकायचं, आणि शेवटी उपकार केल्यासारखं चालू व्हायचं. गॅरेजच्या बरोबर वरच्या खोलीत सून मुलीला कडेवर घेऊन हे ऐकत उभी असायची.

गाडी चालवायला तिला चांगली यायची. लायसन्स लग्नाआधीचं होतं. पण ही गाडी चालवणं वेगळं आणि चालू करणं वेगळं. त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की आधी खाली जाऊन म्हणायचं, "बाबा, जरा गाडी चालू करून देता का?" मग बाबा गाडी चालू करत आणि शेजारच्या सीटवर बसून घेत. "वाटेत बंद पडली तर?" यात खोटं काहीच नव्हतं, वाटेत ती बंद पडायचीच. पण त्यामुळे वाचनालय असो, लसीचा दिवस असो की मैत्रिणीचं घर, ती सगळीकडे बंदोबस्तात गेल्यासारखी जायची. मैत्रिणीकडे सासरे बाहेर गाडीत बसून राहत. दहाव्या मिनिटाला मैत्रीणच म्हणायची, "जा बाई, ते ताटकळलेत."

घर चढाच्या अगदी टोकाला. बसथांबा दोन किलोमीटर खाली. टॅक्सीवाले पत्ता ऐकला की 'गाडी शिल्लक नाही' म्हणून मोकळे होत. नवरा जहाजावर, वर्षातले सात महिने पाण्यात. फोनवर तो म्हणायचा, "बाबा आहेत ना." बाबा आहेत, हे तिला त्याने सांगायची गरज नव्हती.

आणि मुलीला दम्यासारखं व्हायचं. पिल्लू अडीच वर्षांची. छाती घरघरायला लागली की आई तिच्या पोटावर हात ठेवून, घड्याळाकडे बघत श्वास मोजायची. चाळिसाच्या वर गेले की औषधाचा पंप द्या आणि वाट न बघता या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. एकदा भर दुपारी ते अठ्ठेचाळीस झाले. सासरे बँकेत पायी गेलेले. तिने मुलीला मागे बसवलं आणि पाहिलेलं सगळं आठवून करून बघितलं. दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा धरलं, चोक ओढला. गाडीने नुसता आवाज केला आणि गॅरेजभर पेट्रोलचा वास सुटला. जिला श्वास लागलाय तिलाच त्या वासात बसवलं आपण, हे लक्षात आल्यावर तिने तिला उचलून बाहेर फाटकाशी आणलं. शेवटी पाण्याच्या बाटल्या पोचवणारा टेम्पो चढावर आला म्हणून निभावलं. बाटल्यांच्या मध्ये बसून मायलेकी दवाखान्यात गेल्या.

त्यानंतर सासरे स्वतःच म्हणाले, "मी नसताना अडायला नको. मिस्त्रीला दाखवू."

मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडून बाकावर मांडला आणि डोकं हलवलं. "काका, सुई गेली, बैठक गेली, दांडा खुळखुळतोय. म्हणून तर पेट्रोल भरून वाहतं. ह्याला दुरुस्त करणं म्हणजे पडलेल्या दाताला मंजन लावणं."

"मग दुसरा बसव."

"मिळाला असता तर बसवला असता. आता इंजेक्शन करून घ्या. कार्ब्युरेटर अंदाजाने पेट्रोल देतो, इंजेक्शनमध्ये छोटा कॉम्प्युटर मोजून देतो. हवा किती, इंजिन गार की गरम, सगळं तोच बघतो."

"मग मी काय बघायचं?"

"तुम्ही रस्ता बघा, काका."

सासरे हसले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, "तूच निवड काय ते. शिकलेली आहेस. मला त्या स्क्रीनवरचं वाचून डोळे दुखतात." तिला त्यातली मेख कळली. निवड तिची म्हणजे उद्या वाटेत बंद पडली तर दोषही तिचा. पण नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं तर तिला नाही म्हणायचंही नव्हतं.

तीन आठवडे पिल्लूच्या दुपारच्या झोपेत ती हेच वाचत बसली. तिचा स्वभावच तसा. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. हळूहळू तिला चित्र दिसायला लागलं. एका प्रकारात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर. सगळ्यात नेटकं काम, पण इंजिनाच्या नळ्या कापून जोडाव्या लागणार, आणि नंतर लॅपटॉप लावून आकडे बसवणारा जाणकार हवा. असा जाणकार जवळपास एकच होता आणि तो फोन उचलत नव्हता. दुसरा प्रकार मिस्त्रीचा लाडका: भंगारात निघालेल्या नव्या गाडीचं सामान काढून जमवायचं. "जमवतो की," तो म्हणाला. या 'जमवतो की'नेच तिला धडकी भरली. तिसऱ्या प्रकारात कार्ब्युरेटरच्याच जागी, त्याच बोल्टवर बसणारा एक डबा. इंजेक्टर आत, कॉम्प्युटरही आत, आणि चालता चालता इंजिनाची सवय आपली आपण शिकून घेणारा.

हा तिसरा सासऱ्यांनाही पटण्यासारखा होता. बॉनेट उघडलं की गोल एअर फिल्टर जिथल्या तिथे दिसला पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. सासूबाईंची अट त्याहून सोपी: "वरच्या खोलीतल्या पडद्यांना पेट्रोलचा वास यायचा बंद झाला म्हणजे झालं."

पण एक डबा घेतला की झालं, असं नव्हतं. त्याला दाबाने पेट्रोल देणारा इलेक्ट्रिक पंप हवा. पंप बाहेर लावला तर घरघरतो आणि उन्हात तापतो, म्हणून टाकीच्या आत. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी. धुराच्या पाइपात एक सेन्सर. जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर, कारण वीज डळमळली तर कॉम्प्युटर जागाच होत नाही. गाडीला धक्का बसला तर पंप आपोआप बंद करणारा स्विचही तिने यादीत घातला. मूल मागे बसतं. प्रत्येक गोष्टीला सासरे म्हणत, "हे कशाला?" आणि प्रत्येक वेळी ती मांडून सांगायची. चौथ्या वेळेला ते म्हणाले, "बाईसाहेबांचं लग्न लावतेयस की ऑपरेशन?"

ऑर्डर देण्याआधी तिने मिस्त्रीला एकच गोष्ट विचारली. सासरे ऐकत होते, म्हणून आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"चालू करायला काही खास लागतं का हो? म्हणजे, कोणालाही होईल?"

"किल्ली असली की कोणालाही, ताई. चोरालासुद्धा."

बसवायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मिस्त्रीने गाडी घरी आणून सोडली, मॅन्युअल तिच्या हातात दिलं आणि खोक्यात गुंडाळलेला जुना कार्ब्युरेटर आपल्याकडेच ठेवून घेतला. "काकांचा भरवसा नाही," तो तिला हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खालून स्टार्टरचा आवाज आला. कुर्रकुर्रकुर्र. थांबला. पुन्हा. इंजिन काही पेटेना. मिस्त्रीला बोलावलं, त्याने हात आत घालून नुसती किल्ली फिरवली आणि गाडी गुपचूप चालू झाली. तो गेला, सासऱ्यांनी बंद करून पुन्हा प्रयत्न केला. कुर्रकुर्र. शेवटी वैतागून म्हणाले, "तू बघ." ती बसली, किल्ली फिरवली, गाडी चालू.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "तू आणलेली आहे. तुझंच ऐकणार."

त्याच दुपारी तिने मॅन्युअल वाचलं आणि एकतिसाव्या पानावर तिला उत्तर सापडलं. इंजिनात पेट्रोल जास्त झालं तर काय करायचं, ते तिथे लिहिलं होतं: पॅडल पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा, असं केलं की यंत्रणा पेट्रोल द्यायचं थांबवते. सासऱ्यांचा पाय चौतीस वर्षं तेच करत आला होता. दोनदा दाबायचं, तिसऱ्यांदा धरून ठेवायचं. जुन्या कार्ब्युरेटरला ते लागायचं. नव्या डब्याला त्याचा अर्थ एकच: पेट्रोल नको.

म्हणजे गाडीत काही बिघाड नव्हता. फक्त पाय काढायचा होता.

ती मॅन्युअल घेऊन जिन्यापर्यंत आली. खाली सासरे बाहेर जायचे कपडे घालून खुर्चीत बसले होते, हातात काही नाही. तिने विचार केला, संध्याकाळी सांगू. मग पिल्लूला मागे बसवून ती वाचनालयात गेली. एकटी. परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आली, आणि एका बंद दुकानासमोर गाडी उभी करून वीस मिनिटं नुसती बसली. पिल्लूने खिडकीला नाक लावून काच धुरकट केली. कोणी घड्याळ बघत नव्हतं.

संध्याकाळी तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवडे रोज सकाळी सात वाजता खालून स्टार्टरचा आवाज यायचा आणि वर ती मोजत उभी राहायची. पाच वेळा, सहा वेळा. एकदा अकरा. मग गॅरेजचं दार लागायचं. नाश्त्याला ते एवढंच विचारत, "आज कुठे?" आणि ती सांगायची. त्यात आनंद होता, नाही असं नाही. पण तो चोरीचा माल खाल्ल्यासारखा घशाशी यायचा. सासूबाई एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "ह्यांची भूक गेलीय गं. गाडीने तोंड फिरवलं की ह्यांचं जेवण सुटतं. माझं माहेरचं कोणी गेलं तेव्हासुद्धा दोन पोळ्या खाल्ल्या होत्या." आणि हसल्या. तिला हसता आलं नाही.

मग एका सोमवारी सासरे जेवताना म्हणाले, "मिस्त्री गुरुवारी येतोय. जुना कार्ब्युरेटर परत बसवणार."

"अहो, पण तो गळतोय."

"गळू दे. निदान मला ओळखतो."

इकडे आड तिकडे विहीर, ही म्हण तिने शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. आता ती त्यात बसली होती. सांगितलं तर ते गाडी चालू करणार, पुन्हा शेजारी बसणार, आणि वर विचारणार की इतके दिवस का बोलली नाहीस. न सांगितलं तर गुरुवारी पुन्हा तोच पेट्रोलचा वास, तोच चोक, तोच पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो. मंगळवारभर ती वाक्य जुळवत राहिली. 'बाबा, मला आजच कळलं' हे त्यातल्या त्यात बरं वाटत होतं. खोटं होतं, पण बरं होतं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता पिल्लूची छाती वाजायला लागली. बेचाळीस. औषधाचा पंप दिला. दहा मिनिटांनी सत्तेचाळीस. मूल बोलेनासं झालं, नुसतं डोळ्यांनी आईकडे बघत राहिलं. तिने जिन्यातून सासूबाईंना हाक मारली, "आई, निघतोय आम्ही," आणि पिशवी भरायला वळली. तेवढ्यात खालून तो आवाज आला. कुर्रकुर्रकुर्र.

हाक ऐकून सासरे धावले होते. नातीसाठी गाडी काढून तयार ठेवायला.

ती मुलीला खांद्यावर घेऊन खाली पोचली तेव्हा ते स्टिअरिंगवर वाकून किल्ली फिरवत होते. शर्ट पाठीला चिकटलेला. पाय पॅडलवर पूर्ण रोवलेला. स्टार्टरचा सूर खाली येत चालला होता. बॅटरी आणखी थोडी उतरली की डब्यातला कॉम्प्युटर जागा होणार नाही, हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं. वीज डळमळू नये म्हणून अल्टरनेटर तिनेच निवडला होता, पण तोही वीज देणार ती इंजिन चालू झाल्यावरच.

"बाबा, थांबा."

"होईल, होईल. आत्ता झाली होती जराशी."

"बाबा, पाय काढा."

"कुठला पाय?"

"पॅडलवरचा. काढा तो."

"अगं, पाय काढला तर चालू कशी होईल?" आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. त्यांना ऐकूच जात नव्हतं. चौतीस वर्षांचा पाय एका वाक्याने निघत नाही.

तिने मूल मागच्या सीटवर ठेवलं, उघड्या दारातून खाली वाकली, सासऱ्यांची पँट गुडघ्याखाली मुठीत धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला. लग्नाला पाच वर्षं झाली होती. नमस्कार सोडला तर त्यांच्या पायाला तिचा हात कधी लागला नव्हता. "आता फिरवा. काही दाबू नका."

त्यांनी फिरवली. स्टार्टरने एक थकलेला वळसा घेतला, दुसरा घेतला, आणि इंजिन चालू झालं. न खोकता.

जागा बदलायला वेळ नव्हता. ती मागे मुलीजवळ बसली आणि सासऱ्यांनी गाडी उताराला लावली. ती पिल्लूच्या पोटावर हात ठेवून मोजत होती. आरशात सासऱ्यांचे डोळे एकदा तिच्याकडे आले आणि परत रस्त्याकडे गेले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकोणपन्नास."

त्यांनी वेग वाढवला. इंजिन कुठेही अडलं नाही.

दवाखान्यात औषधाच्या वाफेचा मास्क लावला, दुसऱ्यांदा लावला, आणि दीड तासाने आकडा बत्तिसावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." सासरे बाकावर बसून हे ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "तुला कधी कळलं? पायाचं."

'आजच' हा शब्द तयार होता. दोन दिवस घासून ठेवलेला. तिने पिल्लूच्या गालावरचे मास्कचे वळ बघितले.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली. "दुपारी."

"पंधरा दिवस."

"हो."

"मी रोज सकाळी..."

"ऐकायचे मी. मोजायचे."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून तळहातावर धरली. मग म्हणाले, "का, ते तरी सांग."

"तुम्हाला चालू करता येत नव्हती तोवर मला एकटीला जाता येत होतं."

"मी काय तुला अडवलं होतं कधी?"

"नाही. तुम्ही फक्त सोबत आलात. प्रत्येक वेळी."

हे उत्तर त्यांना लागलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. ते उठले, औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले, औषधं घेऊन आले, पिशवीत नीट ठेवली. गाडीपाशी आल्यावर चालकाच्या जागी बसले. उजवा पाय उचलून सीटच्या अगदी जवळ ओढून घेतला, शाळेत बाकाखाली पाय घेतात तसा, आणि विचारलं, "असं?"

"असंच."

किल्ली फिरली. गाडी चालू झाली. आणि तिला उद्याची सकाळ स्पष्ट दिसली. सात वाजता खालून एकाच झटक्यात इंजिनाचा आवाज येणार. मग नाश्ता. मग 'आज कुठे?' आणि शेजारची सीट.

चढ चढेपर्यंत पिल्लू तिच्या खांद्यावर झोपली. फाटकातून आत शिरताना सासरे म्हणाले, "गुरुवारचं मिस्त्रीला नको म्हणून सांगतो."

"बरं."

"उद्या सकाळी तू चालू कर. मी शेजारी बसतो."

"आणि परवा, बाबा?"

गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. "परवाचं परवा बघू," ते म्हणाले.

एरवी ती इथे उतरली असती. मूल झोपलेलं, पिशवी जड, दार उघडायला हात पुढेही गेला होता. तो तिने परत घेतला.

"नाही बाबा. परवाचं आत्ताच बोलू."

त्यांनी किल्लीवरचा हात काढला, पण गाडी बंद केली नाही. समोर सासूबाई दारात आल्या, मग पायरी उतरून गाडीजवळ आल्या, काचेतून आधी नातीकडे आणि मग दोघांकडे बघितलं. "काय गं, बरी आहे ना ती? मग उतरत का नाही तुम्ही?"

"बरी आहे, आई," ती म्हणाली. "जरा बोलतोय आम्ही."

सासूबाई एवढ्यात हलणार नव्हत्या. सासरे आरशात बघत राहिले, आणि तिने नजर खाली घेतली नाही.

"बोल," ते म्हणाले.